कॉक्स बेब बी ०.०४९: शोकेससाठी नको, चालवायला घ्या

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. जुनी मॉडेल विमानांची इंजिनं जमवायचा नाद नवीन लागलाय आणि पहिलं कुठलं घेऊ असा प्रश्न असेल तर कॉक्सचं बेब बी घ्या, पण काचेच्या कपाटात मांडायला म्हणून घेणार असाल तर राहू द्या. हे इंजिन लाखोंनी बनलंय, दुर्मिळ वगैरे काही नाही, जाणकार माणसाला दाखवायला गेलात तर तो "हं, बेब बी" म्हणून पुढच्या इंजिनाकडे वळेल. नुसतं जमवणाऱ्यासाठी अगदीच किरकोळ माल, पण ज्याला ते सुरू करून कान फोडून घ्यायचेत त्याच्यासाठी याच्या तोडीचं दुसरं मला तरी सापडलेलं नाही.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ०.०४९ ही क्युबिक इंचातली क्षमता, म्हणजे साधारण ०.८ सीसी. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, मुठीत धरलं तर दिसणार नाही एवढं. टू स्ट्रोक, ग्लो इग्निशन, मागेच चिकटलेली टाकी. बनवणारी कंपनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आनाची, लेरॉय कॉक्सची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं स्पेस बग आलं आणि १९५६ ला हे बेब बी. यात त्यांनी काय केलं तर क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो ते इंजिनाचं घर, साच्यात ओतायच्या भानगडीतच न पडता अ‍ॅल्युमिनियमच्या एक्स्ट्रूड केलेल्या बारमधून मशीनवर सरळ काढली, सिलिंडर स्टीलच्या बारमधून फिन्ससकट एकाच तुकड्यात, आणि सगळं आट्यांवर. सिलिंडर क्रँककेसमध्ये आट्यांनी बसतो, हेड सिलिंडरवर आट्यांनी बसतं, टाकी चार लांब स्क्रूंनी मागून. खोलायला पाच मिनिटं, आणि आत बघितलं की या लोकांनी लहान मुलांच्या खेळण्यासाठी काय दर्जाचं मशीनिंग केलंय ते बघून थक्क व्हायला होतं. पिस्टनला रिंग नाही. नुसतं फिटिंगवर कॉम्प्रेशन. लाखोंच्या संख्येत असं फिटिंग सांभाळणं ही काय चीज आहे ते लेथवर काम केलेल्या कुणालाही विचारा.

आता ग्लो म्हणजे काय हेही सांगतो, कारण जुन्या इंजिनांत पडलात की स्पार्क, डिझेल, ग्लो हे तीन शब्द रोज कानावर येणार. आधीची बरीचशी गंमत स्पार्कवर चालायची, म्हणजे एवढ्याशा विमानात कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, बॅटरी, वायरिंग हे सगळं लटांबर उडवायचं. १९४७ ला रे आर्डेनने ग्लो प्लग बाजारात आणला आणि ते सगळं एका झटक्यात गेलं. प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक कॉइल, सुरू करताना दीड व्होल्ट देऊन लाल करायची, एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची, पुढे मेथॅनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या आपसातल्या रिअ‍ॅक्शनने आणि आतल्या उष्णतेने ती कॉइल स्वतःच तापलेली राहते. टायमिंग वगैरे काही जुळवायचं नाही. बेब बीसारखं पोरासोरांच्या हातात द्यायचं इंजिन शक्य झालं ते यामुळेच.

माझं बेब बी वापरलेलंच आहे. विकणाऱ्याने "टाइट कॉम्प्रेशन, कधीच चाललेलं नाही" असं लिहिलं होतं. हातात आलं तर प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, हलेना. आता इथे नवीन माणसाने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, जुन्या इंजिनात जे टाइट लागतं ते बहुतेक वेळा कॉम्प्रेशन नसतं, ते सुकलेलं एरंडेल असतं. या इंजिनांच्या फ्युएलमध्ये एरंडेल घालतात आणि चालवून झाल्यावर साफ न करता कपाटात टाकलं की वीस तीस वर्षांत त्याचं पिवळं तपकिरी व्हार्निश होतं, आणि ते असं पकडतं की पिस्टन वेल्ड केलाय असं वाटावं. म्हणजे माझं "कधीच न चाललेलं" इंजिन चांगलंच चाललेलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट चाललेलं इंजिन म्हणजे चालणारं इंजिन, पण खोटं कशाला लिहायचं!

अशा वेळी पक्कड घेऊन प्रॉप फिरवायला जाऊ नका. क्रँक वाकतो किंवा पिस्टन आणि रॉडचा जोड ढिला होतो, आणि कॉक्समध्ये तोच जोड सगळ्यात नाजूक आहे. तो पिनचा नाही, कनेक्टिंग रॉडच्या टोकाला गोळी आहे आणि ती पिस्टनच्या आतल्या खोबणीत दाबून बसवलेली आहे. आधी हीट गन किंवा हेअर ड्रायरने तापवा, एरंडेल उष्णतेने मऊ होतं, मग थोडं मेथॅनॉल किंवा अ‍ॅसिटोन आणि हाताने हळूहळू. सुटलं की पूर्ण खोला. सिलिंडर काढायला कॉक्सचा पाना मिळतो तोच वापरा, एक्झॉस्टच्या खिडकीत स्क्रू ड्रायव्हर घालून सिलिंडर फिरवणारे महाभाग आहेत, त्यांची इंजिनं लगेच ओळखू येतात, खिडकीच्या कडा उचकटलेल्या आणि पिस्टनवर ओरखडे. धातूचे भाग साफ करायला अँटीफ्रीझमध्ये मंद आचेवर काही तास ठेवायचा जुना उपाय आहे आणि तो खरंच चालतो, व्हार्निश सोलून निघतं. फक्त ते ग्लायकॉल विषारी, भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, हवेशीर जागीच करा, आणि प्लास्टिकचे भाग, गॅस्केट, रीड (हवा आत घेणारी पातळ चकती, तिच्याबद्दल पुढे) आधी काढून ठेवा. ओव्हन क्लीनर मात्र अजिबात नको, ते अ‍ॅल्युमिनियम खातं.

खोललंय तर रॉडचा जोडही बघून घ्या. पिस्टन एका हातात धरून रॉड वरखाली हलवा, जाणवेल न जाणवेल एवढाच खेळ हवा. टकटक आवाज येत असेल तर जोड झिजलाय. घाबरायचं कारण नाही, त्यासाठी रीसेट टूल मिळतं, पिस्टन त्यात ठेवून हलकेच ठोकला की खोबणी परत गोळीवर बसते. जास्त ठोकलं तर जाम होते, तेव्हा थोडं ठोका, बघा, परत थोडं ठोका.

मग रीड. क्रँककेसच्या मागच्या बाजूला एक चांदणीच्या आकाराची पातळ चकती असते, जुन्या इंजिनांत तांब्याच्या मिश्रधातूची, नंतरच्यांत प्लास्टिकच्या फिल्मची. पिस्टन वर गेला की ती उघडते आणि हवा व फ्युएल आत येतं, पिस्टन खाली आला की बंद. संपूर्ण इंजिनाचा श्वास या चकतीवर. तिच्याखाली कापसाचा एक धागा अडकला तरी इंजिन सुरू व्हायचं नाव घेणार नाही, आणि तुम्ही मात्र नीडल (फ्युएल कमी जास्त करायचा स्क्रू) फिरवत, हेड बदलत, बॅटरीला शिव्या घालत बसाल. साफ करताना फडकं वापरू नका, ब्रशने धुवा. चकती मोकळी हलली पाहिजे, वाकलेली असेल तर सरळ करत बसू नका, नवीन टाका, नवीन मिळते.

रीडमुळे एक मजेशीर प्रकार होतो. हे इंजिन सरळ जितक्या आनंदाने चालतं तितक्याच आनंदाने उलटंही चालतं, कारण रीड दाबावर उघडते, क्रँक कुठल्या दिशेने फिरतोय याच्याशी तिला देणंघेणं नाही. तुम्ही बोटाने फ्लिक करता, इंजिन भन्नाट सुरू होतं, आणि वारा भलतीकडेच जातोय असं लक्षात येतं. यावर उपाय म्हणजे स्प्रिंग स्टार्टर. प्रॉप उलटा फिरवून स्प्रिंग ताणायची आणि सोडायचं, बोटही वाचतं. तुमच्या इंजिनाला स्प्रिंग नसेल तर बसवून घ्या. बोटाने फ्लिक करण्यात मर्दानगी मानणारे लोक आहेत, त्यांची बोटं बघा आणि ठरवा.

सुरू करायचं कसं ते जरा नीट लिहितो कारण बरेच जण इथेच कंटाळून इंजिन परत डब्यात टाकतात. इंजिन जाड फळीला पक्कं स्क्रू करा, हातात धरून कधीच नाही. प्रॉप ६×३ (व्यास सहा इंच, एका फेऱ्यात पुढे सरकणं तीन इंच) लावा, आणि तो तडा गेलेला, कड तुटलेली असा नको, नवीनच लावा, पन्नास वर्षांपूर्वीचा मूळ प्रॉप फोटोसाठी जपून ठेवा. टाकीला वर दोन बारीक नळ्या आहेत, एकीतून फ्युएल भरायचं आणि दुसरीतून बाहेर यायला लागलं की टाकी भरली. नीडल हलक्या हाताने पूर्ण बंद करून मग तीन साडेतीन आटे उघडा. एक्झॉस्टच्या खिडकीतून दोन थेंब फ्युएल. प्रॉप हाताने दोनचार वेळा फिरवून घ्या, एकदम अडकल्यासारखं वाटलं तर आत फ्युएल जास्त झालंय, जबरदस्ती नको, हेड सैल करून वाहू द्या. मग हेडला बॅटरीची क्लिप लावून दीड व्होल्ट द्या आणि स्प्रिंग सोडा. ते दोन थेंब जळेपर्यंत चिर्रर्र करून बंद पडेल, हे चांगलं लक्षण आहे, म्हणजे हेड आणि कॉम्प्रेशन ठीक आहे आणि फक्त फ्युएल टाकीतून यायचंय. परत दोन थेंब, परत सोडा. पकडलं की आधी बुडबुडल्यासारखं, ओलं, एक आड एक फायर होत चालेल, एक्झॉस्टमधून तेल उडेल. आता बॅटरी काढा आणि मागून नीडल थोडी थोडी आवळत जा. एका ठिकाणी आवाज अचानक फाटतो आणि सलग किंचाळी सुरू होते, ते खरं सेटिंग. तिथून अगदी किंचित परत उघडून सोडून द्या. ६×३ वर १२,००० आरपीएमच्या आसपास फिरतं, ५×३ लावलात तर त्याहून बरंच वर जातं. टाकी पाच सीसीची, दोन अडीच मिनिटांत संपते, संपता संपता आवाज अजून चढतो आणि मग खट्ट. नीडल मागच्या बाजूला असल्यामुळे हात प्रॉपपासून लांब राहतो, ही डिझाइनमधली छोटी गोष्ट मला फार आवडते, कित्येक महागड्या जुन्या इंजिनांत नीडल प्रॉपच्या मागे बोटभर अंतरावर असते.

डोळ्यांवर चष्मा हवा आणि प्रॉपच्या रेषेत कुणी उभं नको, समोरून नाही आणि बाजूनेही नाही. मेथॅनॉल पोटात गेलं किंवा अंगावर सांडत राहिलं तर विष आहे आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत धड दिसत नाही, हे कायम लक्षात ठेवा.

फ्युएलवर काटकसर करू नका. नायट्रोमिथेन १५ ते २५ टक्के आणि तेल २० टक्क्यांच्या खाली नको, त्यातलं निदान अर्धं एरंडेल. एवढ्या छोट्या सिलिंडरमध्ये उष्णता पटकन पळून जाते, नायट्रो स्वतःसोबत ऑक्सिजन घेऊन येतं त्यामुळे कॉइल तापलेली राहते आणि नीडलचं सेटिंग एवढं चिकित्सक राहत नाही, चालू करणंही सोपं जातं. एरंडेल का, तर त्या गोळीच्या जोडासाठी आणि रिंग नसलेल्या पिस्टनसाठी, सिंथेटिक तेल जळून जातं तिथे एरंडेल टिकून राहतं. आरसी (रेडिओवर चालणाऱ्या) कारचं फ्युएल हाताशी आहे म्हणून ओतू नका, त्यात तेल कमी असतं. हो, चालवल्यावर कपड्यांना, फळीला, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तेल लागतंच. वास मात्र असा की एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी बाटली उघडतानाच अंगात यायला लागतं.

आता तक्रार. ग्लो हेड. बाकी बहुतेक ग्लो इंजिनांत प्लग वेगळा असतो, जळला की प्लग बदला. कॉक्समध्ये कॉइल हेडमध्येच बसवलेली, जळली की अख्खं हेड फेका. जास्त व्होल्टेज दिलं, जास्त लीन (फ्युएल कमी, हवा जास्त) चालवलं की जातं. चांगलं हेड म्हणजे या इंजिनाचा खरा चालू खर्च, बाकी सगळं वर्षानुवर्षं टिकतं. वेगळा प्लग लावता येईल अशी अ‍ॅडॅप्टर हेडं निघाली आहेत आणि ती चांगली चालतात, पण मूळ रूप जातं, काही लोकांना ते पटत नाही. मी चालवताना अ‍ॅडॅप्टर लावतो आणि मूळ हेड डबीत ठेवतो. घेण्याआधी विकणाऱ्याला हेड मल्टिमीटरने तपासायला सांगा, कंटिन्यूटी (कॉइलमधून वीज पार जाणं) नसेल तर मेलेलं. आणि हेडखालची तांब्याची वॉशर आहे का तेही विचारा.

दुसरी तक्रार थ्रॉटलची. तो नाहीच. फुल किंवा बंद. फ्री फ्लाइट (मोकळं सोडून द्यायचं विमान) आणि कंट्रोल लाइन (तारांनी धरून गोल फिरवायचं) यांच्या जमान्याचं इंजिन आहे, त्यामुळे रेडिओ लावून हळू उतरवू वगैरे स्वप्नं बघू नका. आवाज सायलेन्सरशिवाय प्रचंड. वस्तीत चालवाल तर लोक दारात येतील.

दुसरं काय घ्यावं असं विचाराल तर माझ्याकडे मिल्स ०.७५ च्या डिझाइनचं एक डिझेलही आहे. मूळ मिल्स इंग्लंडचं, १९४८ चं. त्याला बॅटरी लागत नाही, प्लग नाही, वर एक दांडी असते ती फिरवून कॉम्प्रेशन कमी जास्त करायचं आणि इथर, रॉकेल, एरंडेल समसमान असं फ्युएल. स्वभावाने बेब बीच्या अगदी उलट, ८×४ चा मोठा प्रॉप संथपणे ओढतं, आवाज घुमतो, किंचाळत नाही. मला खरं सांगायचं तर ऐकायला तेच जास्त आवडतं. पण पहिलं इंजिन म्हणून सांगणार नाही. नीडल आणि कॉम्प्रेशन दोन्ही एकाच वेळी जुळवायची असतात, फ्युएल जास्त झालेलं असताना दांडी आवळून फिरवलं तर रॉड जातो, आणि इथर मिळवणं, साठवणं हा स्वतंत्र ताप, बाटली जरा सैल राहिली की उडून जातं, आग पकडायला टपलेलंच असतं. फॉक्स ३५ स्टंटबद्दल लोक भरभरून बोलतात, कंट्रोल लाइनमधली त्याची कारकीर्द मोठी आहे आणि विमान नाक वर करताच आवाज बदलून जोर लावण्याची त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे, पण ते सहाएक सीसीचं धूड, पहिल्याच इंजिनाने बोट फुटायला नको. आणि कॉक्सचंच टी डी ०.०१०, ०.१६ सीसी, कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेल्यांत सगळ्यात चिमुकलं म्हणून ज्याचं नाव घेतात, ते कपाटात मांडायला उत्तम. ते चालवायला बसलात तर मूड जातो, फ्युएलमध्ये धुळीचा कण आला की संपलं.

बेब बी जिंकतं ते सुट्या भागांवर. १९९६ मध्ये कंपनी एस्टेस या मॉडेल रॉकेटवाल्यांकडे गेली, नंतर उरलेला साठा हौशी लोकांच्या हाती पोचला, आणि इतक्या संख्येने बनल्यामुळे आजही रीड, गॅस्केट, हेड, पिस्टन सिलिंडरचा जोड, सगळं मिळतं. कॉक्सच्याच गोल्डन बी, ब्लॅक विडो या इंजिनांचे बरेचसे भागही एकमेकांत बसतात, गोल्डन बीची आठ सीसीची टाकी लावली तर जास्त वेळ चालतं. तीन मेलेल्या इंजिनांतून एक जिवंत करणं हा या छंदातला निम्मा आनंद आहे आणि तो बेब बीएवढा सहज दुसऱ्या कुणात मिळत नाही. फक्त पिस्टन आणि सिलिंडर जोडीनेच बदला, याचा पिस्टन त्याच्या सिलिंडरमध्ये घातला की कॉम्प्रेशन गेलंच समजा.

पाचपैकी चार. कापलेला एक हेडसाठी. थ्रॉटलसाठी कापत नाही, त्याने कधी तसा शब्द दिलाच नव्हता.

शेवटची गोष्ट, चालवून झालं की टाकीत फ्युएल ठेवू नका, पूर्ण जळू द्या, मग एक्झॉस्टमधून आणि मागच्या हवेच्या भोकातून पातळ तेलाचे थेंब घालून प्रॉप हाताने फिरवा. आणि टाकीचे चार स्क्रू परत बसवताना समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळून मग दुसरा घेतलात तर गॅस्केट एका बाजूने उचलतं, हवा शिरते आणि मग इंजिन सुरू होऊन पाच सेकंदांत मरतं, तेव्हा उगाच नीडलला दोष देत बसू नका.